वेगळ्या टाकीतला अमोनिया

खाऱ्या पाण्यातला नवा मासा आणला की रोग पसरू नये म्हणून तो काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवतात. पण तिथे मासा पुष्कळदा दगावतो तो अमोनियाने. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात; तो पचवणारे जिवाणू नुकत्याच मांडलेल्या टाकीत पुरेसे नसतात. त्यात खाऱ्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास, म्हणून अमोनियाचा विषारी अंश जास्त. मासा पृष्ठभागाशी धापा टाकू लागला, तर घाईने औषध ओतू नका, आधी पाणी तपासा. अमोनिया आढळला तर तेवढ्याच क्षारतेच्या आणि तापमानाच्या ताज्या पाण्याने निम्मे पाणी बदला, खाणे कमी करा. तांब्याचे औषध चालू असेल, तर अमोनिया मारणारी रसायने जपूनच वापरा. काहींमुळे तांबेच जास्त विषारी होते.