आधी आपली झडती

आज पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यापैकी कुणी समुपदेशन करेल, कुणी वस्त्यांमध्ये काम करेल. कधीतरी असा माणूस समोर येईल, की शिकलेलं सगळं अपुरं पडेल. त्या दिवसासाठी स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांची एक हकिकत सांगतो.

रोलंड हॅझर्ड हा सधन अमेरिकी गृहस्थ दारू सुटावी म्हणून त्यांच्याकडे स्वित्झर्लंडला गेला. उपचार झाले, पण तो पुन्हा पिऊ लागला आणि पुन्हा त्यांच्याच दारात आला. तेव्हा युंग यांनी स्पष्ट सांगितलं, की माझ्या शास्त्राकडून आता आशा ठेवू नका. मुळापासून बदलवणारा आध्यात्मिक अनुभव आला, तरच सुटका आहे. एवढा मोठा वैद्य आपली हद्द कबूल करतो, हे मला त्यांच्या कित्येक सिद्धांतांपेक्षा मोलाचं वाटतं. हॅझर्ड एका ख्रिस्ती मंडळीत गेला आणि सावरला. ती गोष्ट त्याच मंडळीतल्या एबी थॅचर यांच्यामार्फत दारूशी झगडणाऱ्या बिल विल्सन यांच्या कानी गेली. पुढे १९३५ मध्ये विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ यांनी अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना सुरू केली. १९६१ च्या जानेवारीत विल्सन यांनी युंगना पत्र लिहून आभार मानले. दारूच्या ओढीमागे पूर्णत्वाची तहान असते आणि समाजापासून तुटलेला माणूस एकटा तगत नाही, असं युंग यांनी उत्तरात लिहिलं. त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले.

या संघटनेच्या बारा पायऱ्या नीट वाचा. चौथीत स्वतःची निर्भय झडती घ्यायची, पाचवीत ती दुसऱ्या माणसासमोर उघड बोलायची, आठवीत दुखावलेल्यांची यादी करायची आणि नववीत, त्यांना आणखी इजा होणार नसेल तर, भरपाई करायची. म्हणजे डोळे मिटून सुरू झालेलं काम बायकोसमोर, भावासमोर, शेजाऱ्यासमोर जाऊन उभं राहतं. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी उभ्या केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर आलेली माणसंच पुढच्यांना हात देतात. तिथे जाऊन हे बघा.

अशा झडतीत समोर येणारं, स्वतःतलं जे आपल्याला सोसत नाही, त्याला युंग सावली म्हणत. नाकारलेली सावली आपण दुसऱ्याच्या माथी मारतो. घरात ती सुनेच्या वाट्याला येते, गावात दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या धर्माच्या माणसांच्या. समाज जोडायला निघालेल्या कार्यकर्त्याच्या मनातही ती असतेच, आणि चांगल्या हेतूआड ती फार सहज लपते.

म्हणूनच, इतरांच्या मनात उतरणाऱ्याने आधी स्वतः दुसऱ्या विश्लेषकासमोर बसावं, हा आग्रह युंग यांच्या झुरिकच्या गटाने धरला. १९१२ मध्ये मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी त्याचं श्रेय त्या गटाला दिलं. नोकरी लागली, की तुम्हीही पहिल्या पगारातून त्यासाठी पैसे बाजूला काढा. मन मोकळं करायला एक अनुभवी माणूस शोधा आणि कामाचा व्याप वाढला तरी त्याच्याकडे जाणं थांबवू नका.