एका नर्सबाईकडे रोगी किती?

मंडळी, आपल्यापैकी पुष्कळांनी सरकारी दवाखान्यात रात्र काढली असेल. चाळीस खाटा. त्याशिवाय काही रोगी खाली सतरंजीवर. आणि नर्सबाई एक, फार तर दोन. कोणाची सलाईनची बाटली संपत आलेली असते. कोणाला ताप चढलेला असतो. कोणी पाणी मागत असतो. आपण हाक मारतो. बाई "आले, आले" म्हणतात आणि येत नाहीत. मग आपण चिडतो. "ह्या बाईला माया म्हणून नाही," असे म्हणून मोकळे होतो.

आम्हीही असेच म्हटले आहे. एकदा आमच्या घरचे माणूस दवाखान्यात होते. रात्री आम्ही बाईंवर ओरडलो. पहाटे त्या भिंतीला टेकून उभ्या दिसल्या. आम्ही विचारले, "बाई, तुमच्याकडे रोगी किती?" त्या म्हणाल्या, "त्रेचाळीस. डबा अजून उघडला नाही." त्यानंतर आम्ही ओरडलो नाही.

मग एका नर्सबाईकडे रोगी किती असावेत? ह्याचा हिशेब एका ठिकाणी झाला आहे. नर्सबायांनीच तो मागितला आणि लढून कायद्यात घालून घेतला. ही हकिगत दूरची आहे. अमेरिका देशात कॅलिफोर्निया नावाचे राज्य आहे, तिथली.

हा मुलूख श्रीमंत. दवाखान्यांत यंत्रांना तोटा नाही. पण १९९० नंतरच्या काही वर्षांत तिथल्या इस्पितळांनी खर्च कमी करायला घेतला. इमारत कमी करता येत नाही. मग माणसे कमी केली. शिकलेल्या नर्सेस घटवल्या आणि त्यांच्या जागी थोडे शिकलेले मदतनीस घेतले. एकेका बाईकडे रोगी वाढत गेले.

एकट्या बाईने तक्रार केली तर साहेब म्हणणार, "तुलाच काम जमत नाही." पण त्यांची युनियन होती. तिचे नाव कॅलिफोर्निया नर्सेस असोसिएशन. ही संस्था १९०३ सालची, म्हणजे चांगली जुनी. युनियनने एक छापील कागद काढला होता. पाळीवर आल्यावर रोगी झेपणार नाहीत असे वाटले, तर बाईने तो भरायचा. तारीख कोणती, वेळ कोणती, रोगी किती, नर्सेस किती, कोणाला सांगितले, त्याने काय उत्तर दिले. काम टाकून जायचे नाही. काम करायचे, पण लिहून ठेवायचे. बोललेले वाऱ्यावर जाते. लिहिलेल्या कागदांचा मात्र ढीग होतो, आणि ढीग नाकारता येत नाही. तुम्ही नुकतेच लिहायला शिकला आहात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आमदार शीला क्यूल ह्यांनी विधिमंडळात बिल आणले. १९९८ साली गव्हर्नरने ते परत लावले. तिथला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा राज्याचा कारभारी. पुढल्या वर्षी नवा गव्हर्नर आला आणि १९९९ साली त्याने कायद्यावर सही केली. आकडे ठरायला आणखी चार वर्षे गेली.

आकडे ठरत होते त्याच सुमारास, २००२ साली, एक मोठी पाहणी छापून आली. ती पेनसिल्व्हेनिया ह्या दुसऱ्या राज्यातल्या १६८ इस्पितळांची होती. शस्त्रक्रिया झालेल्या दोन लाखांहून जास्त रोग्यांचा हिशेब तीत होता. नर्सबाईकडे एक रोगी वाढला, की महिन्याभरात रोगी दगावण्याचा धोका सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेला दिसला. म्हणजे जिथे १०० दगावायचे, तिथे १०७. त्या वरच्या सातांच्या घरी कोणी सांगत नाही, की नर्सबाई कमी होत्या म्हणून तुमचे माणूस गेले.

१ जानेवारी २००४ पासून आकडे लागू झाले. साध्या वॉर्डात एका नर्सबाईकडे जास्तीत जास्त ६ रोगी. पुढल्या वर्षापासून ५. अत्यवस्थ रोगी असतील तिथे २. लहान मुलांच्या वॉर्डात ४. आणि हे आकडे सदासर्वकाळ पाळायचे, असेही लिहिले होते.

त्या 'सदासर्वकाळ' शब्दावर इस्पितळवाले कोर्टात गेले. बाई जेवायला गेली तर तिचे रोगी दुसरीने पाहावेत, तेवढ्यापुरता आकडा सोडा, असे त्यांचे म्हणणे. कोर्टाने २००४ सालीच ते फेटाळले. बाई जेवत असली तरी रोगी आजारीच असतो. जेवणाच्या वेळेलाही बदली नर्स हवीच.

इस्पितळवाल्यांची आणखी एक अडचण होती. इतक्या नर्सेस आणायच्या कुठून, असे ते विचारीत. हे अगदीच खोटे नव्हते. पण शिकलेल्या बाया ओझ्याला कंटाळून काम सोडत होत्या, हेही खरे होते.

तोवर तिसराच गव्हर्नर आला होता, अर्नोल्ड श्वार्झनेगर. मूळचा पैलवानी अंगाचा सिनेनट. नोव्हेंबर २००४ मध्ये त्याने ५ चा आकडा २००८ पर्यंत लांबणीवर टाकला. पुढच्याच महिन्यात बायकांच्या एका मोठ्या सभेत नर्सेस फलक घेऊन उभ्या राहिल्या. तेव्हा तो व्यासपीठावरून म्हणाला, की ही स्वार्थी मंडळी आहेत, ह्यांना मी नेहमी लाथा घालतो. बायकांच्या सभेत हे बोलला! तेव्हापासून तो जिथे जाई, तिथे नर्सेस हजर. मार्च २००५ मध्ये कोर्टाने ५ चा आकडा पुन्हा लागू केला. गव्हर्नर वरच्या कोर्टात गेला. इकडे शिक्षक आणि आग विझवणारे कामगार नर्सेसना येऊन मिळाले होते. नोव्हेंबर २००५ मध्ये त्याने आपले चार प्रस्ताव लोकांच्या मताला टाकले. चारही पडले. मग त्याने नर्सेसविरुद्धचे अपील मागे घेतले.

आपल्या देशात इंडियन नर्सिंग कौन्सिलने आकडा सांगून ठेवला आहे. वैद्यकीय शिक्षण चालते त्या इस्पितळात ३ रोग्यांमागे १ नर्स, साध्या इस्पितळात ५ रोग्यांमागे १. पण ही शिफारस आहे.

पुढे त्या पहाटेच्या बाई आम्हांला बाजारात भेटल्या. आम्ही मोठ्या हौसेने त्यांना हा आकडा सांगितला. त्या हसल्या. "पाठ आहे," त्या म्हणाल्या. "परीक्षेत लिहिला होता."