संकेतस्थळाचा साचा आणि कळफलकाची मदत



ज्याने जमिनीचा एक-चौदाचा उतारा कधी काढला आहे, त्याला नमुना म्हणजे काय हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. ठरलेला मजकूर जागच्या जागी असतो. बदलते ते नाव, सर्व्हे क्रमांक आणि क्षेत्रफळ. संकेतस्थळाचे पानही याच रीतीने सिद्ध होते. त्याच्या नमुन्यास टेम्पलेट अथवा साचा म्हणतात. साच्यात कोठे काय भरावयाचे आणि कोणता मजकूर केव्हा दाखवावयाचा, हे संगणकास सांगणाऱ्या खुणा म्हणजे टॅग होत.

जँगो या प्रणालीचे उदाहरण घेण्यासारखे आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी, एका स्थानिक वृत्तपत्राच्या कचेरीत ती २००३ पासून घडत गेली आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. बातमी वेळेवर गेलीच पाहिजे, या निकडीतून तिचा जन्म झाला. तिच्या साच्यात प्रत्येक टॅग महिरपी कंस आणि टक्केवारीचे चिन्ह यांच्या जोडीने सुरू होतो व त्याच जोडीने संपतो. 'अमुक असेल तर दाखवा' असे सांगावयाचे झाल्यास आरंभी 'इफ'चा आणि अखेरीस 'एंडइफ'चा टॅग लागतो. अट सोडून केवळ या दोन टॅगांसाठी, मोकळ्या जागा धरून, १९ वेळा कळ दाबावी लागते. त्यांपैकी ८ चिन्हांसाठी शिफ्ट कळही धरावी लागते. अखेरचा टॅग राहून गेला तर जँगो चूक दाखवते आणि ते पान उघडतच नाही.

मराठीत लिहिणाऱ्याची अडचण याहून मोठी आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रमाणित केलेल्या इन्स्क्रिप्ट आराखड्यात, इंग्रजी कळफलकावरील महिरपी कंसांच्या जागी 'ढ' आणि 'ञ' येतात, तर टक्केवारीच्या चिन्हाच्या जागी 'ज्ञ' येतो. त्यामुळे सूचनेचे एक वाक्य मराठीत लिहावे, टॅगासाठी फलक इंग्रजीवर न्यावा, पुन्हा मराठीवर आणावा, असा खेळ दिवसभर चालतो. चुका होतात त्या बहुधा या येण्याजाण्यातच.

या अडचणीवर प्लगइन हा उपाय आहे. मजकूर लिहिण्याच्या संगणकीय साधनास, म्हणजे एडिटरला, जोडता येणारा तो एक लहानसा कार्यक्रम होय. सब्लाइम टेक्स्ट, व्हिज्युअल स्टुडिओ कोड इत्यादी एडिटरांत अशी सोय आहे. ठरावीक कळा एकत्र दाबल्या की आरंभीचा व अखेरचा असे दोन्ही टॅग एकदमच उमटतात. कर्सर अटीच्या जागी उभा राहतो. अट लिहून टॅब कळ दाबली की तो पुढच्या रिकाम्या जागी जातो. आधी लिहिलेला परिच्छेद निवडून शॉर्टकट दिल्यास दोन्ही टॅग त्याच्या दोन बाजूंना बसावेत, अशीही योजना करता येते. मजकूर आधीच साठवलेला असल्याने कंसासाठी लिपी बदलावी लागत नाही.

ही सोय केवळ लिहिणाऱ्याच्या बोटांसाठी नाही. नागरिकाने भरावयाच्या अर्जाच्या साच्यात 'सीएसआरएफ टोकन' नावाचा एक टॅग घालावा लागतो. अर्ज त्याच संकेतस्थळाच्या पानावरून आला आहे, दुसऱ्या कोणी परस्पर पाठविलेला नाही, याची ती खातरजमा असते. तो टॅग विसरला, तर सारी माहिती नीट भरूनही जँगो अर्ज स्वीकारत नाही आणि नागरिकापुढे ४०३ या अंकाचा नकार येतो. चूक साचा लिहिणाऱ्याची, खेप मात्र अर्जदाराची वाया जाते. अर्जाच्या शॉर्टकटमध्येच हा टॅग बांधून ठेवला, तर अशी विसर सहसा पडत नाही.

तथापि एक सावधगिरी आवश्यक आहे. अर्ज दुसऱ्या संस्थेच्या संकेतस्थळाकडे जाणारा असेल, तर हाच टॅग घालता कामा नये; त्यातील गुप्त संकेत बाहेर जातो. अर्ज कोठे जाणार, हे प्लगइन विचारत नाही. सांगितलेला मजकूर ते मुकाट्याने घालते. योग्य टॅग जितक्या त्वरेने उमटतो, तितक्याच त्वरेने अयोग्यही उमटतो.

म्हणून शिकणाऱ्याने प्रथम प्रत्येक टॅग हाताने लिहावा, त्याचा अर्थ जाणावा आणि मगच शॉर्टकट वापरावा. कार्यालयात वा शाळेत साचे लिहिणारे एकाहून अधिक असतील, तर सर्वांनी बसून शॉर्टकटांची एकच यादी ठरवावी व ती लिहून ठेवावी. एकाची बदली झाली तरी दुसऱ्याला काम पुढे नेता येते. यंत्राने बोटांचे श्रम जरूर वाचवावेत. त्यातून वाचलेला वेळ साचा पुन्हा एकदा वाचून पाहण्यासाठी खर्ची पडला, तर अर्ज भरणाऱ्या नागरिकाची खेप वाचेल.