वाळूतला शिकारी

देवळाच्या गाभाऱ्यासमोर फरशीत कोरलेले कासव आपण लहानपणापासून पाहतो. अवयव आवरून घेणारा, संथ, निरुपद्रवी प्राणी, ही समजूत तिथेच पक्की होते. सशाच्या गोष्टीने तीत भरच पडते. परंतु यवतमाळकडून पैनगंगा ओलांडून आदिलाबाद जिल्ह्यात शिरावे आणि तिचे पाणी वर्धा व प्राणहिता यांच्या वाटेने गोदावरीला मिळते, तिथवर मनाने जावे. गोदावरीच्या या विस्तीर्ण खोऱ्यातील मऊ पाठीची कासवे त्या समजुतीला मुळीच जुमानत नाहीत.

त्यांच्या पाठीवर शिंगासारख्या कठीण ढलप्या नसतात. चामड्यासारखी कातडी असते. त्यांतले सर्वांत दांडगे ते चित्रा. जॉन ग्रे या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने 1830 च्या सुमारास त्याचे शास्त्रीय वर्णन केले. मानेवरून पाठीवर उतरणारी नागमोडी रेषांची नक्षी पाहिली की नावाची सार्थकता पटते. पूर्ण वाढलेल्या चित्राची पाठ मीटरभर, क्वचित त्याहूनही लांब असते. डोके मात्र चिंचोळे, इतके लहान की ते दुसऱ्याच कुणाचे असावे असे वाटते. डोळे अगदी नाकपुड्यांजवळ. ही ठेवण विद्रूप खरी, पण निरर्थक नव्हे.

चित्रा तळाच्या वाळूत अंग हलवून स्वतःला पुरून घेते. बाहेर राहतात ते केवळ डोळे आणि नाकाचे टोक. पाणी उथळ असेल तर लांब मान वर करून ती जागेवरूनच श्वास घेते. शिवाय या कुळातील कासवांच्या घशाचे आतले अस्तर पाण्यातील थोडाफार प्राणवायू शोषू शकते. त्यामुळे हा पहारा बराच काळ चालतो. मासा टप्प्यात आला, की आखडलेली मान बाणासारखी सुटते. त्याच क्षणी घशातील हाडांचा सांगाडा खाली ओढला जातो, तोंडाची पोकळी एकाएकी फुगते आणि पाण्याच्या लोंढ्याबरोबर मासा आत खेचला जातो. मग पाणी बाहेर, मासा पोटात. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील माटामाटा कासव हीच युक्ती वापरते. अमेरिकेतील मगरतोंडे कासव तर जबडा उघडून बसते आणि जिभेवरील किड्यासारखा तुकडा वळवळवून माशाला बोलावते. चित्रापाशी असे आमिष नाही; तिची सारी भिस्त वाळूवर.

हीच मान जाळ्यात सापडल्यावर हाताकडेही वळते. म्हणून अशा कासवाला पुढून धरण्याचे धाडस जाणत्याने करू नये.

मऊ पाठीचे दुसरे कासव लीथचे. मुंबई इलाख्यातील डॉक्टर अँड्र्यू लीथ यांचे नाव ग्रेनेच 1872 मध्ये त्याला दिले. मूळ नमुना पुण्याचा. पिल्लांच्या पाठीवर डोळ्यांसारखे गोल ठिपके असतात. मांसासाठी ते इतके मारले गेले, की 2022 मध्ये पनामा येथील जागतिक परिषदेत त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करण्याचे ठरले.

कायदा व्यापाऱ्याला अडवील, वाळूचे काय? चित्रा अंडीदेखील काठच्या वाळूतच घालते, एका वेळी कधी शंभरावर. बंधाऱ्यांमागे पाणी तुंबले की तो काठ बुडतो. आणि जिथून वाळू ट्रकांत भरून गेली, तिथे उघड्या खडकावर बसलेले मीटरभर लांबीचे कासव माशाला दुरूनच दिसते.