बाबांची उधारी आणि माझी बॅच फाइल

आजचा एपिसोड छोटा आहे, आणि माझ्यासाठी थोडा लाजिरवाणा.

बाबांचं किराणा दुकान आहे. उधारीची वही मीच हट्टानं एक्सेलमध्ये नेली, मग बॅकअपही माझ्याच गळ्यात. दिवाळीला घरी गेलो तेव्हा दहा मिनिटांत बॅच फाइल लिहिली. रोज रात्री दहाला टास्क शेड्युलर ती चालवणार आणि रोबोकॉपी बाबांचं यूझर फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवणार. रोबोकॉपी व्हिस्टापासून विंडोजमध्येच येतं, वेगळं काही टाकावं लागत नाही.

घोळ एका स्विचमध्ये होता. स्लॅश एमआयआर, म्हणजे मिरर. आरसाच तो! मूळ जागी जे नाही, ते बॅकअपमधूनही उडवतो. आणि असं उडवलेलं रीसायकल बिनमध्ये जात नाही.

एका दुपारी बाबांनी 'हे डबल दिसतंय' म्हणून उधारीचं फोल्डर डिलीट केलं, बिनही रिकामा केला. रात्री दहाला माझी स्क्रिप्ट अगदी वेळेवर चालली. सकाळी फोन आला, "अरे, तुझ्या त्या डिस्कमधून काढून दे ना." मी रिमोटनं डिस्क उघडली. तिथेही काही नाही. काय सांगणार बाबांना?

आता स्लॅश ई वापरतो. तो फक्त कॉपी करतो, डिलीट नाही. पण खराब झालेली फाइल चांगलीवर बसू शकतेच, म्हणून वारानुसार सात फोल्डर केलेत. वाराचं नाव पॉवरशेलकडून घेतो, कारण बॅचमधलं डेट रीजन सेटिंगप्रमाणे बदलतं. माझ्या लॅपटॉपवर वार दिसायचा, बाबांच्या मशीनवर नुसते आकडे.

अजून एक. फाइल उघडी राहून लॉक असेल तर रोबोकॉपी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. किती वेळा? डीफॉल्ट 10 लाख वेळा, दर वेळी 30 सेकंद थांबून. हिशोब करा, एका फाइलपायी जवळजवळ वर्ष! म्हणून आर 2, डब्ल्यू 5 लिहा. एक्सजेही लावा, नाहीतर ॲपडेटामधल्या जंक्शनमध्ये ते गोल गोल फिरत बसतं. आणि एरर लेव्हल 1 बघून घाबरू नका, त्याचा अर्थ फाइली नीट कॉपी झाल्या. 8 किंवा पुढे गेलं तरच गडबड. नवीन कमांड आधी स्लॅश एल लावून चालवा, काय होणार ते नुसतं दाखवतं, करत काही नाही.

उधारी? जुन्या वहीतून निम्मी मिळाली. बाकीची गिऱ्हाइकांनी स्वतःहून येऊन सांगितली, सगळ्यांनी नाही. बाबा मला काही बोलले नाहीत. पण आता काउंटरवर कॉम्प्युटरशेजारी वहीही असते, आणि रविवारी मी फोन करून त्यांना डिस्कवरची एक फाइल उघडून बघायला लावतो.