खोली किती, कल किती? पाणबुडीतल्या काट्यांची गोष्ट



आज आपण पाणबुडीबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, वाशिमपासून समुद्र रस्त्यानं पाचशे किलोमीटरहून लांब. आपल्याला पाणबुडीशी काय करायचं? पण दोन कारणांसाठी ही गोष्ट आपली आहे. एक तर पाणबुड्या आपल्या महाराष्ट्रातच बांधल्या जातात. दुसरं म्हणजे, पाण्याखाली माणसांचा जीव ज्या दोन साधनांवर अवलंबून असतो, त्यांच्या मागचं शास्त्र तुम्ही रोज चुलीपाशी आणि शेतात वापरता.

मुंबईत माझगाव डॉक नावाचा जहाजं बांधायचा सरकारी कारखाना आहे. तिथं बांधलेली ‘कलवरी’ ही पाणबुडी १४ डिसेंबर २०१७ रोजी नौदलात दाखल झाली. तिच्यामागून खांदेरी, करंज, वेला, वागीर आल्या आणि सहावी ‘वागशीर’ १५ जानेवारी २०२५ रोजी दाखल झाली. ‘खांदेरी’ हे नाव शिवाजी महाराजांच्या समुद्रातल्या किल्ल्याचं. अशी एक पाणबुडी साधारण ६७ मीटर लांब असते. म्हणजे सहा एसटी गाड्या एकामागं एक उभ्या केल्या तर जेवढी लांबी होईल तेवढी. आत चाळीसेक माणसं असतात आणि ती समुद्रात तीनशे मीटरपर्यंत खोल जाऊ शकते.

आता विचार करा. पाणबुडीला बाहेर बघायला खिडकी नसते. असती तरी उपयोग नव्हता, कारण खोल पाण्यात काळोखच असतो. वर बघायची लांब नळीची दुर्बीण असते, पण ती पाणबुडी पृष्ठभागाजवळ आली तरच कामाची. मग खाली असताना चालवणाऱ्याला दोन गोष्टी कशा कळतात? पहिली, आपण किती खोल आहोत? दुसरी, पाणबुडीचं तोंड वर आहे, खाली आहे की ती सपाट आहे? पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो खोली दाखवणारा काटा. दुसऱ्याचं उत्तर देतं कल दाखवणारं साधन.

आधी खोली पाहू. हा काटा खोली बघत नाही, मोजपट्टीही टाकत नाही. तो फक्त डोक्यावरच्या पाण्याचं वजन ओळखतो. पाणी जितकं जास्त, तितका दाब जास्त. दर दहा मीटर खोलीला प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर, साधारण एक किलोचा दाब वाढतो. आपल्या प्रेशर कुकरची शिट्टी उडते तेव्हा आत वाफेचा जादा दाब जवळपास इतकाच असतो. म्हणजे दहा मीटर पाण्याखाली कुकरभर दाब, शंभर मीटरला तसा दहापट आणि तीनशे मीटरला तीसपट.

हा तीसपट दाब किती, ते आपल्या हिशोबात सांगते. तीनशे मीटर खोलीवर पाणबुडीच्या एक मीटर लांब, एक मीटर रुंद पत्र्यावर सुमारे तीनशे टन भार येतो. तीनशे टन म्हणजे तीन हजार क्विंटल सोयाबीन. एका ट्रकमध्ये शंभर क्विंटल भरला, तर तीस ट्रकांचा माल, आणि तो सगळा एका चौरंगाएवढ्या जागेवर! म्हणून प्रत्येक पाणबुडीला खोलीची हद्द ठरवून दिलेली असते. त्या हद्दीच्या फार खाली गेली तर पोलादही चेपतं. म्हणून काट्याला इतकं महत्त्व.

हा काटा हलतो कसा? जत्रेत लेकरं फुंकर मारतात तशी गुंडाळलेली कागदी पिपाणी आठवा. फुंकर मारली की ती उलगडते, सोडली की परत वळते. दाबाच्या गेजमध्ये तशीच धातूची वाकवलेली पोकळ नळी असते. आत दाब आला की ती किंचित सरळ होते आणि तिला जोडलेला काटा पुढं सरकतो. युजेन बूर्दाँ नावाच्या फ्रेंच माणसानं १८४९ साली ही नळी काढली. पंक्चरच्या दुकानातल्या हवेच्या टाकीवर किंवा दवाखान्यातल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरवर तुम्ही जी घड्याळासारखी गोल तबकडी पाहता, तिच्या आत बहुतेक वेळा हीच नळी असते. पाणबुडीत बाहेरचं पाणी एका बारीक पाइपातून या गेजपर्यंत आणतात आणि तबकडीवर किलोऐवजी मीटर लिहितात. एवढाच काय तो फरक.

जुन्या पाणबुड्यांत दोन वेगळे गेज असत. एक उथळ पाण्यासाठी, बारीक फरक दाखवणारा. दुसरा खोल पाण्यासाठी. का बरं? सोनाराचा काटा आणि धरमकाटा दोन्ही वजनच करतात, पण सोनाराच्या काट्यावर ट्रॅक्टर चढवता येत नाही आणि धरमकाट्यावर मंगळसूत्र तोलता येत नाही. तसंच इथं. खोल जायच्या आधी उथळ पाण्याच्या गेजचा नळ बंद करायचा, नाहीतर दाबानं तो खराब व्हायचा. आता विजेवर चालणारे सेन्सर आलेत, आकडा पडद्यावर दिसतो. पण मोजायचं ते तेच, पाण्याचं वजन.

या काट्याची मर्यादाही समजून घेऊ. समुद्राचं पाणी खारट, म्हणून जड. एक लिटर गोड पाणी एक किलो भरतं, तर समुद्राचं एक लिटर साधारण २५ ग्रॅम जास्त. समुद्रासाठी बनवलेला गेज गोड्या पाण्यात शंभर मीटर खाली नेला, तर तो साडेसत्त्याण्णव मीटरच दाखवेल. शिवाय हा काटा वरचं पाणी सांगतो, खालचं नाही. समुद्राचा तळ पायाखाली किती दूर आहे, ते त्याला ठाऊक नसतं. त्यासाठी आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकणारं निराळं यंत्र लागतं.

आता कलाकडं वळू. इथं तर आपल्या जिल्ह्यातल्या बाया तयारच आहेत. वॉटर कप स्पर्धेच्या काळात कारंजा तालुक्यात पाणलोटाची कामं झाली. समपातळी चर खोदायच्या आधी उतारावर सारखी पातळी शोधावी लागते. त्यासाठी कुणी हायड्रोमार्कर वापरला असेल, म्हणजे दोन पट्ट्यांना बांधलेली पाण्याची पारदर्शक नळी. कुणी तीन काठ्या जोडून ए-फ्रेम केली असेल. तिच्या टोकाला दोरीनं दगड टांगायचा. दोरी मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. दोरी सरकली की समजायचं, जमीन कलली. गवंड्याचा ओळंबा आणि लेव्हलची बाटली यांचंही हेच काम. जमीन कशीही असो, टांगलेला दगड पृथ्वीच्या ओढीनं सरळ खालीच जातो.

पाणबुडीतलं कल दाखवणारं जुनं साधन याहून वेगळं नव्हतं. काचेच्या बांगडीचा तुकडा असावा तशी एक वाकडी नळी, तिच्यात द्रव आणि द्रवात हवेचा एक बुडबुडा. बुडबुडा नेहमी उंच बाजूकडं पळतो. पाणबुडीचं तोंड खाली झुकलं की तो मागच्या बाजूला जातो, तोंड वर झालं की पुढं येतो. नळीशेजारी अंश लिहिलेले असतात, त्यावरून कल वाचायचा. असं एक साधन पुढच्या-मागच्या कलासाठी आणि एक डाव्या-उजव्या कलासाठी.

पण बुडबुडा फसवूही शकतो. एसटीत मांडीवर पाण्याचा तांब्या धरला आणि ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, तर पाणी पुढं उसळतं. रस्ता सपाट असतो, तरी तांब्यातलं पाणी कललेलं दिसतं. पाणबुडीनं वेग वाढवला किंवा कमी केला की बुडबुड्याचंही तसंच होतं. म्हणून नव्या पाणबुड्यांत भोवऱ्याच्या तत्त्वावर चालणारं यंत्रही आलं. जोरानं फिरणारा भोवरा आपली दिशा सोडत नाही. भोवतालची पाणबुडी कलली तरी तो आपल्या जागी ताठ राहतो आणि त्यावरून कल मोजता येतो.

एखादी ताई विचारेल, खोली कळते ना, मग कल कशाला बघायचा? तर हिशोब करून पाहू. ६७ मीटर लांब पाणबुडीचं तोंड फक्त दहा अंश खाली झुकलं, तर पुढचं टोक मागच्या टोकापेक्षा साडेअकरा मीटर जास्त खोल असतं. आणि ती तशीच ताशी १८ किलोमीटरनं, म्हणजे जोरात मारलेल्या सायकलच्या वेगानं चालत राहिली, तर एका मिनिटात पन्नासेक मीटर खाली जाते. खोलीचा काटा सांगतो, आत्ता कुठं आहोत. कल सांगतो, थोड्या वेळानं कुठं असू. दोन्ही सोबत वाचले तरच पूर्ण चित्र दिसतं.

कल नीट ठेवणं हे रोजचंच काम. इंधन जळतं, धान्य संपतं, माणसं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातात आणि तोल बदलतो. म्हणून पुढं आणि मागं पाण्याच्या टाक्या असतात. पुढचं वजन जास्त झालं की पंपानं पाणी मागं न्यायचं, मागचं झालं की पुढं आणायचं. कावडीची एक बाजू जड झाली की आपण दुसऱ्या बाजूच्या घागरीत पाणी ओततो, तसंच हे.

आता एक खरी बातमी सांगते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनच्या वर्तमानपत्रांत आली होती. तिथल्या नौदलाची एक मोठी अणुपाणबुडी, आत सुमारे १४० माणसं. बातमीप्रमाणं, तिचा खोली दाखवणारा गेज बंद पडला. चालवणाऱ्यांना वाटलं, आपण एका पातळीत आहोत. पण पाणबुडी खाली खाली जात होती. धोक्याच्या खोलीकडं निघाली असताना मागच्या भागात काम करणाऱ्या इंजिनिअरांचं लक्ष दुसऱ्या एका गेजवर गेलं. त्यांनी लगेच इशारा दिला आणि पाणबुडी थांबवली गेली. सगळे वाचले.

बघा, खोली सांभाळणं हे त्या इंजिनिअरांचं काम नव्हतं. पुढच्या खोलीत साहेब लोक बसले होते. पण दुसरा गेज होता, त्याच्याकडं बघणारे डोळे होते आणि बोलायची हिंमत होती. या तिन्हींपैकी एक जरी नसतं, तर १४० घरांवर काय ओढवलं असतं, ते सांगायला नको.

बंद पडलेला काटा मोडल्यासारखा दिसत नाही, तायांनो. तो शांतपणे एका आकड्यावर उभा असतो आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. म्हणून पाणबुडीत एकाच काट्यावर भरवसा ठेवत नाहीत. खोलीचा आकडा कलाशी जुळतो का, एक गेज दुसऱ्याशी जुळतो का, हे सारखं पडताळतात. हीच सवय आपल्याही कामाची आहे. बीपीचा आकडा विचित्र आला तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजायला सांगा. गावच्या पाणीपुरवठ्याच्या मोटारीवर दाबाचा गेज असेल, तर मोटार बंद असताना आणि पाइपातलं पाणी उतरल्यावर काटा शून्यावर येतो का ते बघा. येत नसेल, तर तो गेज चालू असतानाही खोटंच सांगतोय. ग्रामपंचायतीच्या बैठकीत ते बोलून दाखवा. ‘हे बायकांचं काम नाही’ असं कुणी म्हटलं, तर त्या मागच्या खोलीतल्या इंजिनिअरांची गोष्ट सांगा.

शेवटी, बचत गटाच्या पुढच्या बैठकीत लेकींना घेऊन एक प्रयोग करून बघा. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी तीन मीटर घ्या. एका टोकाकडचा भाग इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवून पाटाला बांधा आणि पाट उभा करा. वाकलेल्या भागात कुंकू कालवलेलं पाणी निम्म्यापर्यंत भरा. दोन्ही बाजूंचं पाणी एका पातळीत दिसेल. नळीचं दुसरं, लांब टोक नरसाळ्याच्या निमुळत्या बाजूला घट्ट बसवा, हवा सुटता कामा नये. आता नरसाळं उपडं धरून पाण्यानं भरलेल्या ड्रममध्ये खाली न्या. एक वीत खाली नेलं की कुंकवाच्या पाण्याच्या दोन पातळ्यांत जवळपास एक वितीचा फरक पडेल. दोन विती नेलं की दोन. ड्रममध्ये न डोकावताही नरसाळं किती खोल आहे ते तुम्हाला सांगता येईल. पाणबुडीतला माणूस खोली ओळखतो ती याच नियमानं.

आणि कुणाला आत जाऊन खरी पाणबुडी बघायची असेल, तर विशाखापट्टणमला समुद्रकिनाऱ्यावर ‘कुरसुरा’ ही नौदलातून निवृत्त झालेली पाणबुडी ठेवली आहे. २००२ सालापासून ती लोकांसाठी खुली आहे. आतल्या भिंती गेज, नळ आणि पाइपांनी भरलेल्या आहेत. कधी तिकडं जाणं झालं, तर लेकींना गोल तबकड्या दाखवा आणि विचारा, यातली कुठली पाण्याचं वजन सांगते?

प्रयोग जमला का, किती विती खोल गेलात, ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!