बारा आण्यांचा मसाला
(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून संतवाङ्मयापासून नाट्यसंगीतापर्यंत अनेक विषयांवर व्याख्याने झाली आहेत. साधी बी. ए. ची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या चाकरीत केस पांढरे केलेल्या माणसाने मोटारीच्या टर्बोचार्जरवर बोलावे, हे धार्ष्ट्याचेच म्हणावयाचे. परंतु ज्या विषयाची फी आम्ही पुरेपूर भरली आहे, त्यावर बोलण्याचा अधिकार आम्हांस पोचतो, अशी आमची नम्र समजूत आहे.

जयपुराहून निघणाऱ्यास राष्ट्रीय महामार्ग क्र. ४८ उदयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे करीत थेट साताऱ्यास व पुढे कोल्हापुरास नेतो. आपल्यापैकी कित्येकांना हा रस्ता म्हणजे माहेरची वाट. आमची लहानशी पेट्रोल गाडी दहा वर्षे या वाटेने बिनतक्रार चालली. एका मे महिन्यात मात्र पाच माणसे, सामान आणि वातानुकूलन यांचा भार घेऊन खंबाटकीचा घाट चढताना ती धापा टाकू लागली. मागचे मालट्रकही हॉर्न वाजवीत पुढे गेले. तेव्हा आमचे चिरंजीव म्हणाले, “बाबा, हिला टर्बो बसवू या.”

टर्बो ही कल्पना मोठी सुरेख आहे. इंजिनातून वाया जाणाऱ्या तप्त वायूंच्या झोताने एक चक्र फिरते. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक जाळता येते, आणि म्हणून शक्ती अधिक. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. मीटरगेजच्या काळात वायडीएम-४ जातीच्या डिझेल इंजिनातून जो शिट्टीसारखा सूर ऐकू येई, तो या टर्बोचाच. फुकट जाणाऱ्या धुरातून शक्ती मिळते म्हटल्यावर कोणता मध्यमवर्गीय मोहात पडणार नाही? आम्हीही पडलो. गावच्या घराच्या छपरासाठी बाजूस ठेवलेल्या रकमेतून येथील एका कारागिरास आगाऊ पैसे दिले.

त्याने सांगितलेला आकडा केवळ टर्बोचा होता. पुढची यादी हळूहळू उलगडत गेली. सायकलीत हवा भरताना पंप तापतो, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. दाबलेली हवा तापतेच. अशा तापलेल्या मिश्रणाचा काही भाग ठिणगीची ज्वाळा पोचण्याआधीच आपसूक भडकतो, आणि इंजिन आतून ठोके देऊ लागते. म्हणून हवा थंड करावयास इंटरकूलर हवा. अधिक इंधनासाठी मोठे इंजेक्टर हवेत आणि ते मोजून सोडणाऱ्या संगणकाची नव्याने जुळणी हवी. टर्बोचा दांडा मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतो, म्हणून त्यास तेल नेणारी व परत आणणारी स्वतंत्र नळी हवी. वाढलेली शक्ती चाकांपर्यंत नेण्यास दणकट क्लच हवा. शेवटी गाडी पळवण्याचा खर्च झाला, की ती थांबवण्याचा, म्हणजे ब्रेकचा, खर्च उभा राहतोच. चार आण्यांची कोंबडी अन् बारा आण्यांचा मसाला ही म्हण आमच्या आजीने मोटार न पाहताच आम्हांस शिकवली होती. आम्ही ती विसरलो.

मसाल्यात काटकसर केली, तर काय होते, याचा दाखला अमेरिकेत आहे. १९६२ साली ओल्ड्समोबिल कंपनीने ‘जेटफायर’ नावाची टर्बोची मोटार काढली. इंजिनाचे ठोके टाळण्यासाठी तीत ऊर्ध्वपातित पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण वेळोवेळी भरावे लागे. अनेक मालक ते भरावयास विसरत. १९६३ नंतर ती मोटार बंद झाली, आणि विकलेल्या कित्येक गाड्यांचे टर्बो पुढे काढून टाकण्यात आले. एवढ्या मोठ्या कारखान्याची ही गत, तर गल्लीतल्या गॅरेजाची काय कथा!

आमच्या चिरंजीवांनीही संगणकाची जुळणी ‘पुढच्या महिन्यात’ यावर ढकलली होती. जयपूरच्या जूनमध्ये, अजमेर रस्त्यावर, एका दुपारी इंजिनाने ठोके दिले आणि पिस्टन फुटला.

दुरुस्ती चालू असताना आम्ही कायद्याचे पुस्तक उघडले. सरकारी नोकरीत जन्म गेला, पण नियम वाचण्याची बुद्धी मात्र शेवटी झाली! मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल, असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. न कळवता केलेला असा बदल विम्याचा दावा करताना अंगाशी येऊ शकतो, तो वेगळाच. अर्थात टर्बो काढून गाडी पूर्ववत करणे आले, आणि त्याचाही खर्च आला. बेरीज मूळ आकड्याच्या तिप्पट झाली.

येथे टर्बोवर आमचा रोष नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. पुण्याजवळ रांजणगावात २०१७ पासून बनू लागलेल्या टाटा नेक्सॉनच्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनास टर्बो जन्मजातच आहे. त्याचे पिस्टन, त्याचे शीतन, त्याचा क्लच हे सारे त्या भाराचा विचार करूनच घडवलेले. जन्मतः मिळालेले बळ आणि मागाहून लादलेले बळ यांत हा भेद आहे. जुन्या गाडीस घाटात दम लागत असेल, तर आधी एअर फिल्टर, प्लग व क्लच तपासावेत, चढावर वातानुकूलन बंद करावे, गिअर वेळीच उतरवावा. एवढ्यानेही न भागले, तर टर्बो मुळातच असलेली गाडी घ्यावी.

आता हिशेबातील शेवटचा रकाना. गाडी दोन महिने गॅरेजात पडून होती, आणि छपराचे पैसेही संपले होते. त्या वर्षी गणपतीस आम्ही गावी पोचलो नाही. गळक्या घरात आईने एकटीनेच गणपती बसवला. दूरध्वनीवर तिने रागावून काही म्हटले नाही. एवढेच विचारले, “अरे, ती हळू चालत होती, पण येत तर होती ना?”

बंधुभगिनींनो, त्या रकान्यात लिहावयास आम्हांस अद्याप आकडा सापडलेला नाही. पुढल्या वर्षी त्याच गाडीने, त्याच घाटातून, दुसऱ्या गिअरमध्ये आम्ही घरी गेलो. मालट्रक या खेपेसही पुढे गेले. आम्ही त्यांना वाट दिली.